पाच वर्षांची शिक्षा म्हणजे नेमके किती दिवस? माफी, फर्लो आणि पॅरोलचा हिशेब

निकाल लागतो, न्यायाधीश आकडा सांगतात आणि घरचे लोक त्याच रात्री कॅलेंडर घेऊन बसतात. पाच वर्षे, म्हणजे अमुक साली रिहाई. मग शेजारचा कोणीतरी सांगतो, "जेलमध्ये दिवस आणि रात्र वेगवेगळे मोजतात, अडीच वर्षांत बाहेर येईल." दुसरा म्हणतो, "जन्मठेप म्हणजे चौदाच वर्षे की!" आणि तिसरा हळूच बाजूला घेऊन सांगतो, "वर ओळख आहे, माफी करून देतो, थोडा खर्च येईल." तिन्ही गोष्टी चूक आहेत. तिसरी तर सरळ फसवणूक आहे.

आम्ही शाळेत शिकवतो, वकील नाही. पण मोहल्ल्यात मास्तरकडे कागद वाचून घ्यायला लोक येतातच. निकालपत्र इंग्रजीत असते, कारागृहाचे पत्र सरकारी मराठीत, आणि घरात बोलणे उर्दूत. या तीन भाषांच्या मधल्या फटीत अफवा शिरतात. म्हणून हा हिशेब एकदा नीट मांडावा असे वाटले.

सुरुवात शब्दांपासून करू, कारण अर्धा गोंधळ शब्दांचाच आहे. महाराष्ट्रातल्या कारागृहात तीन वेगळ्या गोष्टी आहेत. माफी म्हणजे शिक्षेतून वजा होणारे दिवस. संचित रजा, म्हणजे फर्लो: ठरावीक काळ शिक्षा भोगलेल्या कैद्याला घरी जाण्यासाठी मिळणारी सुट्टी. आणि अभिवचन रजा, म्हणजे पॅरोल: घरात मयत, लग्न, गंभीर आजारपण असे काही कारण असेल तर मिळणारी सुट्टी. यातल्या दोन रजा आहेत, रिहाई नाही. मुलगा पॅरोलवर आला म्हणजे सुटला, असे समजून पेढे वाटणारी घरे आहेत, म्हणून हे आधी सांगितले.

हा गोंधळ थोडासा इंग्रजी सिनेमांनीही वाढवला आहे. तिथे पॅरोल म्हणजे शिक्षा पुरी होण्याआधीची अटींवरची सुटका. गंमत अशी की, अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात ती पॅरोल आता जवळपास उरलेलीच नाही. १ नोव्हेंबर १९८७ नंतरच्या गुन्ह्यांसाठी ती बंद झाली. त्याऐवजी तिथे चांगल्या वर्तणुकीचे दिवस मिळतात, सुनावलेल्या शिक्षेच्या प्रत्येक वर्षामागे जास्तीत जास्त ५४. पाच वर्षांची शिक्षा असेल तर २७० दिवस. बरीच वर्षे तिथले तुरुंग खाते हा हिशेब असा करायचे की प्रत्यक्षात ४७ च्या आसपासच दिवस पदरात पडत. २०१८ च्या डिसेंबरमध्ये नवा कायदा करून संसदेला ते दुरुस्त करावे लागले. एका साध्या गुणाकारासाठी कायदा! आणि तुरुंगातून बाहेर पडल्यावरही तिथे माणूस मोकळा होत नाही. शिक्षा सुनावतानाच न्यायाधीश पुढची काही वर्षे देखरेखीची लावतो. गंभीर गुन्ह्यांत ती साधारणपणे पाच वर्षांपर्यंत असते, काही गुन्ह्यांत आजन्मही. अधिकाऱ्याला नियमित भेटायचे, परवानगीशिवाय इलाखा सोडायचा नाही, अट मोडली तर परत आत. ही देखरेख तुरुंगाच्या शिक्षेच्या वर असते, तिच्या बदल्यात नाही.

आपल्याकडचा हिशेब वेगळा आहे. तो चार पायऱ्यांनी होतो.

पहिली पायरी आहे आधी भोगलेल्या दिवसांची. अटक झाल्यापासून निकालापर्यंत त्याच खटल्यात माणूस जितके दिवस कोठडीत होता, ते दिवस कैदेच्या शिक्षेतून वजा होतात. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हे कलम ४२८ होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते ४६८ आहे. ही कुणाची मेहेरबानी नाही, हक्क आहे. पण आकडा कागदावर बरोबर चढायला हवा. अटकेची तारीख, जामिनावर सुटल्याची तारीख, पुन्हा आत गेल्याची तारीख, या तिन्ही घरच्यांनी स्वतः एका वहीत लिहून ठेवाव्यात आणि निकालपत्राशी ताडून पाहाव्यात. चूक दिसली तर वकिलामार्फत लगेच अर्ज करावा. दोन वर्षांनी तीच चूक सुधारायला फार धावपळ होते.

दुसरी पायरी लोक हमखास विसरतात, ती दंडाची. निकालात लिहिलेले असते: पाच वर्षे सक्तमजुरी आणि अमुक रुपये दंड, दंड न भरल्यास आणखी सहा महिने. हे सहा महिने मूळ शिक्षेत मिसळत नाहीत, तिच्यानंतर सुरू होतात. कोठडीत काढलेले दिवसही त्यात वळते होत नाहीत. आम्ही असे कुटुंब पाहिले आहे की ज्यांनी वकिलाची फी, मुलाकातीचे येणे-जाणे, सगळे कर्ज काढून भागवले; पण पाच हजारांचा दंड भरायचा असतो हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. दंड नंतरही भरता येतो, आणि भरला की त्याच्या बदल्यातली कैद तिथेच संपते. अर्धवट भरला तरी त्या प्रमाणात ती कमी होते.

तिसरी पायरी एकापेक्षा जास्त कलमांखाली शिक्षा झाली असेल तर येते. एका कलमात तीन वर्षे, दुसऱ्यात पाच. मग एकूण आठ की पाच? निकालाच्या शेवटच्या पानावर "सर्व शिक्षा एकत्रित भोगायच्या" असे वाक्य असेल तर पाच. ते वाक्य नसेल तर जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचा सर्वसाधारण नियम असा होता की शिक्षा एकामागून एक भोगायच्या. त्या एका ओळीवर तीन वर्षे लटकलेली असतात. ती ओळ निकालाच्या दिवशीच शोधा.

आता चौथी पायरी, माफी. कैदी काम करतो, शिस्तीत राहतो, नेमून दिलेली जबाबदारी पार पाडतो, त्याबद्दल महिन्याकाठी काही दिवस त्याच्या खात्यावर जमा होतात. वर्षभर एकही शिक्षा झाली नाही, काही खास काम केले, तर खास माफी वेगळी. सरकार कधी एखाद्या निमित्ताने आणखी माफी जाहीर करते. कारागृह कायद्याखालच्या राज्याच्या नियमांत हे सगळे ठरलेले आहे. शिक्षणाचाही यात वाटा आहे. नाशिक आणि नागपूर कारागृहात यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचे अभ्यासकेंद्र चालत आले आहे, आणि शिकणाऱ्या कैद्याच्या बाजूने ती गोष्ट लिहिली जाते. आत गेलेला मुलगा दहावी-बारावीवर थांबलेला असेल तर मुलाकातीत हा विषय जरूर काढावा. मास्तरची सवय म्हणा, पण आम्हाला हा सगळ्यात चांगला रस्ता वाटतो.

माफीचा हिशेब प्रत्यक्षात कसा दिसतो, हे सगळ्यांना ठाऊक असलेल्या एका कैद्यावरून पाहू. संजय दत्तला शस्त्र कायद्याखाली सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१३ मध्ये पाच वर्षांची शिक्षा सुनावली. म्हणजे ६० महिने. त्याने आधी सुमारे १८ महिने आत काढले होते, ते वजा झाले. उरले ४२. मे २०१३ मध्ये तो शरण आला, म्हणजे साध्या गणिताने नोव्हेंबर २०१६. तो येरवड्यातून बाहेर पडला २५ फेब्रुवारी २०१६ रोजी. मधला साधारण साडेआठ महिन्यांचा फरक ही माफी. तेव्हा टीव्हीवर गदारोळ झाला, मामला मुंबई उच्च न्यायालयातही गेला, पण सरकारने नियम मोडल्याचे न्यायालयाला आढळले नाही. टीका करणाऱ्यांचा एक मुद्दा मात्र आम्हाला पटतो: असा हिशेब प्रत्येक कैद्याचा इतक्याच तत्परतेने व्हायला हवा.

मिळालेली माफी जाऊही शकते. मारामारी केली, मोबाईल सापडला, रजेवरून उशिरा परतला, तर दिवस कापले जातात. रजेवरून न परतणे हा वेगळा गुन्हाही होऊ शकतो. इथे दोष बरेचदा घरच्यांचा असतो. "अजून दोन दिवस राहू दे, ईद करून जाईल," असा लाडाचा आग्रह त्याला फार महाग पडतो. एक तर पुढची रजा नाकारली जाते, वर जमा झालेली माफी हातची जाते.

फर्लो आणि पॅरोलमध्ये आणखी एक फरक आहे, तो थेट सुटकेच्या तारखेला भिडतो. फर्लोवर घरी काढलेले दिवस शिक्षा भोगल्यातच धरतात. पॅरोलवरचे दिवस धरत नाहीत, ते नंतर भरून काढावे लागतात. सर्वोच्च न्यायालयाने हा फरक अलीकडे २०२१ मध्ये पुन्हा स्पष्ट केला आणि सोबत हेही सांगितले की, फर्लो हा बिनशर्त हक्क नाही. दरोड्यासारख्या काही गुन्ह्यांतल्या कैद्यांना नियमांनी ती नाकारलेली आहे. महाराष्ट्रात फर्लोचा अर्ज कारागृह उपमहानिरीक्षकांकडे आणि नियमित पॅरोलचा विभागीय आयुक्तांकडे जातो. मध्ये स्थानिक पोलिसांचा अहवाल मागवतात. बहुतेक अर्ज तिथेच अडतात. जामीनदार कोण, राहणार कुठे, याची कागदपत्रे घरच्यांनी आधीच तयार ठेवली तर पोलिसांना "पत्ता मिळाला नाही" असे लिहिता येत नाही. नाकारल्याचा आदेश लेखी मागावा. त्याविरुद्ध दाद मागता येते, उच्च न्यायालयापर्यंत.

माफी सगळ्यांना मिळत नाही, हेही नाइलाजाने सांगावे लागेल. अमली पदार्थांच्या कायद्यात कलम ३२-अ आहे. सेवनाचा किरकोळ गुन्हा सोडला तर त्या कायद्याखालच्या शिक्षेत माफी नाही. महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका खटल्यात २००० साली सर्वोच्च न्यायालयाने हे कलम तपासले. न्यायालयाला अपिलात शिक्षा स्थगित करता येणार नाही, हा भाग रद्द झाला. माफीची बंदी मात्र टिकली. दहा वर्षे म्हणजे दहा वर्षे. चार पैशांसाठी कुणाची पिशवी इकडून तिकडे पोहोचवणाऱ्या पोरांना हे कळायला हवे, आणि ते त्यांना घरातूनच कळले तर बरे.

आता जन्मठेप. चौदा वर्षांची गोष्ट कुठून आली? कायद्यात चौदाचा आकडा खरेच आहे, पण लोक समजतात त्याच्या उलट अर्थाने. १९७८ मध्ये आणलेले कलम ४३३-अ (आता ४७५) सांगते की, ज्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकली असती त्यात जन्मठेप झाली असेल, तर प्रत्यक्ष चौदा वर्षे भोगल्याशिवाय सोडता येणार नाही. माफीचे दिवस त्यात धरायचे नाहीत. म्हणजे चौदा हा उंबरठा आहे, दरवाजा नव्हे. चौदा पुरी झाली की विचार होऊ शकतो, एवढेच. त्यापुढे राज्याचे धोरण गुन्ह्याच्या प्रकारानुसार वेगवेगळी वर्षे सांगते.

आणि वीस वर्षांची गोष्ट? तिचा निकाल १९६१ सालीच लागला, तोही एका महाराष्ट्रातल्या कैद्याच्या खटल्यात. गांधीजींच्या खुनाच्या कटात जन्मठेप झालेल्या गोपाळ गोडसेने सर्वोच्च न्यायालयात म्हटले की, माफी धरून माझी वीस वर्षे भरली, आता मला सोडा. न्यायालयाने नकार दिला. जन्मठेप म्हणजे उरलेले सगळे आयुष्य. माफीचे दिवस कितीही साठले तरी सरकारने आदेश काढल्याशिवाय जन्मठेपेचा कैदी आपोआप सुटत नाही. पुढे १९६४ मध्ये सरकारने त्याला सोडले, ती बाब निराळी. पण त्या निकालातला नियम आज येरवड्यातल्या, हर्सूलमधल्या, कळंब्यातल्या प्रत्येक जन्मठेपेच्या कैद्याला लागू आहे.

म्हणजे शेवटी किल्ली सरकारच्या हातात. आणि इथे बिल्किस बानो यांच्या खटल्याकडे वळावेच लागते, कारण माफी हा शब्द आपल्यापैकी बहुतेकांनी रागाने ऐकला तो तेव्हाच. २००२ च्या त्या गुन्ह्याचा खटला गुजरातमध्ये निष्पक्ष चालणार नाही म्हणून सर्वोच्च न्यायालयाने मुंबईला हलवला. २००८ मध्ये मुंबईच्या विशेष न्यायालयाने ११ जणांना जन्मठेप दिली. १५ ऑगस्ट २०२२ रोजी गुजरात सरकारने त्या अकराही जणांना सोडले, आणि बाहेर त्यांना हार घातले गेले. अनेकांना वाटले, स्वातंत्र्याच्या अमृत महोत्सवाची जी माफी जाहीर झाली होती तीच ही. तसे नव्हते. केंद्राच्या त्या योजनेत जन्मठेपेचे आणि बलात्काराचे कैदी वगळलेलेच होते. ही सुटका गुजरातच्या १९९२ च्या जुन्या धोरणाखाली झाली.

८ जानेवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. कारण ऐकायला तांत्रिक वाटते, पण मोलाचे आहे. कायदा म्हणतो की माफीचा अधिकार त्या राज्याच्या सरकारला, जिथे शिक्षा सुनावली गेली. गुन्हा कुठे घडला, कैदी कुठे ठेवलाय, याला महत्त्व नाही. शिक्षा मुंबईत झाली, म्हणून अधिकार महाराष्ट्राचा. गुजरातला तो नव्हताच. शिवाय ज्या न्यायालयाने शिक्षा दिली तिथल्या न्यायाधीशाचे मत घेणे गरजेचे असते. अकराही जणांना दोन आठवड्यांत परत हजर व्हायला सांगितले गेले, आणि ते झाले.

या निकालानंतर काही जण आम्हाला म्हणाले, "सर, ही माफीची भानगडच बंद करायला पाहिजे." त्यांचा संताप आम्हाला कळतो. पण आमचे मत वेगळे आहे. ज्या कलमाचा तिथे गैरवापर झाला, त्याच कलमावर कितीतरी गरीब आयांची आशा टिकून आहे, आणि त्यात आपल्या मोहल्ल्यातल्याही आहेत. तिथे माफी होती म्हणून अन्याय झाला, असे नाही. नियम बाजूला ठेवून, भलत्याच दारातून ती दिली गेली म्हणून झाला. नियमाने चालणारी माफी कैद्याला सुधारायला कारण देते. तिच्याशिवाय आतल्या माणसाने नीट का वागावे, याला उत्तर उरत नाही.

नियमाने चालावे म्हणून सर्वोच्च न्यायालयाने १८ फेब्रुवारी २०२५ रोजी आणखी एक पाऊल टाकले, आणि ते घरोघर पोहोचायला हवे. राज्याचे मुदतपूर्व सुटकेचे धोरण असेल तर त्यात बसणाऱ्या प्रत्येक कैद्याचा विचार सरकारने स्वतःहून करायचा आहे. कैद्याने अर्ज केला नाही म्हणून फाइल पडून राहता कामा नये. नकार दिला तर कारणे लिहून द्यायची. सोडताना अटी घातल्या तर त्या वाजवी आणि स्पष्ट हव्यात. "सभ्यपणे वागावे" असली मोघम अट न्यायालयाने २०२४ मध्येच एका प्रकरणात चालू दिली नव्हती. आणि अट मोडल्याचा आरोप झाला की उचलून आत टाकायचे, असेही नाही. आधी नोटीस, कैद्याचे म्हणणे ऐकणे, मग निर्णय. अमेरिकेतल्या देखरेखीशी आपल्याकडचे थोडेफार साम्य आहे ते इथेच. फरक हा की, आपल्याकडे ठरावीक मुदतीची शिक्षा पुरी भोगून बाहेर आलेल्या माणसावर अशी देखरेख आपोआप लागत नाही.

हे सगळे झाले शिक्षा झालेल्यांचे, ज्यांना आत पक्के कैदी म्हणतात. आपल्या बऱ्याच घरांचा प्रश्न त्याआधीचा आहे. २०२२ च्या अखेरीस देशातल्या कारागृहांत ५ लाख ७३ हजारांहून अधिक कैदी होते आणि त्यातले ४ लाख ३४ हजारांवर कच्चे, म्हणजे ज्यांच्या खटल्याचा निकालच लागलेला नाही असे. त्यांना माफी लागू नाही, कारण माफ करायला शिक्षाच नाही. त्यांच्यासाठी नव्या संहितेचे कलम ४७९ आहे. पूर्वी कधीही शिक्षा न झालेल्या माणसाने, त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ कोठडीत काढला असेल तर त्याला जातमुचलक्यावर सोडायचे. इतरांसाठी ही मर्यादा निम्मी. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना हे लागू नाही, आणि एकाहून जास्त खटले चालू असतील तरीही अडचण येते. पण बाकीच्यांसाठी न्यायालयात अर्ज करण्याची जबाबदारी कायद्याने कारागृह अधीक्षकांवर टाकली आहे. १ जुलै २०२४ च्या आधीच्या खटल्यांनाही हे लागू होते, असे सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सांगितले.

तर मुलाकातीला जाताना विचारायचे ते एवढे: आधीच्या कोठडीचे किती दिवस वजा झाले, दंड बाकी आहे का, आजपर्यंत माफी किती जमा झाली, कापली किती, आणि त्यावरून सुटकेची तारीख कोणती निघते. कैद्याला हे अधीक्षकांकडे विचारता येते. उत्तर मिळत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे, ते बहुतेक ठिकाणी जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असते. कोठडीत असलेल्या माणसाला तिथे वकील मोफत मिळतो, मग त्याचे उत्पन्न कितीही असो. फोन करायचा असेल तर क्रमांक १५१०० आहे, आणि त्या फोनला पैसे लागत नाहीत.